गोफ विणणारे कण

छत्रपती संभाजीनगरच्या एका महाविद्यालयात बोलायला गेलो होतो. विषय निघाला मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी 2025 मध्ये जाहीर केलेल्या ‘मायोराना 1’ या क्वांटम चिपचा. एका विद्यार्थिनीने विचारलं, “सर, यात टोपोलॉजी नेमकी कुठे आली?” मी विचारलं, “शाळेत गोफ खेळलीस का?” तिने हसून मान डोलावली. मग फळ्याची गरजच उरली नाही.

वर रंगीत दोर बांधलेले, एकेक टोक एकेकीच्या हातात. मुली एकमेकींना डावी-उजवी घालत फिरतात आणि वर गोफ विणला जातो. कुणाचं पाऊल हातभर बाहेर पडलं तरी वीण बदलत नाही. कोण कुणाच्या कुठल्या बाजूने गेली, एवढंच दोरांना कळतं. हीच टोपोलॉजी. क्वांटम संगणकात माहिती धरणाऱ्या साध्या क्युबिटला मात्र जरासा धक्काही बिघडवतो. मुंबईच्या टीआयएफआरमध्ये घडवलेल्या आणि पुण्यातल्या डीआरडीओच्या प्रयोगशाळेसोबत 2024 मध्ये तपासलेल्या सहा क्युबिटच्या प्रोसेसरलाही ही भीती आहेच. अलेक्सेई किताएव यांनी 1997 मध्ये सुचवलं: माहिती एकट्या कणात नको, कणांच्या गोफात ठेवा.

पण गोफाला सपाट अंगण लागतं. डोक्यावरून उडी मारायची मुभा असली की विळखा सुटतो. सपाट जगात कणांचे नियमच निराळे असू शकतात, हे ऑस्लोच्या लैनोस आणि मिरहैम यांनी 1977 मध्ये दाखवलं. फ्रँक विल्चेक यांनी 1982 मध्ये या कणांना ‘एनिऑन’ हे झकास नाव दिलं आणि नावाबरोबर बरंचसं श्रेयही तिकडेच गेलं. ऑस्लोच्या त्या दोघांची नावं मी प्रत्येक व्याख्यानात आवर्जून घेतो.

चेतन नायक यांनी विल्चेक यांच्यासोबत 1996 मध्ये अशा गोफाचं गणित मांडलं. मायक्रोसॉफ्टच्या या चिपमागे नायकच आहेत. जवळजवळ तीस वर्षं एकाच ध्यासामागे! म्हणूनच असा गोफ विणू शकणारे ‘मायोराना’ कण या चिपमध्ये असल्याचा दावा कसून तपासला पाहिजे. मायोरानाबद्दलचा 2018 चा एक गाजलेला शोधनिबंध 2021 मध्ये मागे घ्यावा लागला होता. या चिपच्या घोषणेसोबत आलेल्या निबंधासोबतही ‘नेचर’च्या संपादकांनी नोंद केली, की हा मायोराना अवस्था असल्याचा पुरावा नव्हे. घोषणेत गोफाचा एक फेराही विणून दाखवलेला नव्हता.

“पण सर,” ती म्हणाली, “आम्ही उलट्या पावलांनी गोफ सोडवायचोसुद्धा.” मी खूश झालो. मोजमाप करेपर्यंत क्वांटम गणिताची प्रत्येक पायरी अशीच उलट फिरवता येते.