पहिला क्रमांक कोणाचा?

२०२२ च्या नोव्हेंबरअखेरीस चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले, त्याच्या पाठोपाठ क्लॉड, जेमिनी, कोपायलट, डीपसीक अशी नावे एकामागून एक कानांवर येऊ लागली, आणि तेव्हापासून या विषयात ज्याला यत्किंचित गती असल्याचा लोकांना संशय आहे अशा प्रत्येक गृहस्थाला एकच प्रश्न अखंड ऐकावा लागत आहे: सध्या सगळ्यांत चांगला चॅटबॉट कोणता? प्रश्नकर्ता सेवानिवृत्त शिक्षक असो, वकिलाचा कारकून असो, वा स्पर्धापरीक्षेची तयारी करणारा विद्यार्थी असो, ‘कोणत्या कामासाठी हवा आहे?’ असे उलट विचारताच तो किंचित खट्टू होतो. ‘ते राहू द्या हो, पहिल्या नंबरवर कोण आहे तेवढं सांगा’ असे म्हणतो. आणि मोबाइलवर कोणीतरी धाडलेले क्रमवारीचे चित्र पुराव्यादाखल पुढे करतो. जिल्ह्यातला सर्वांत नामांकित डॉक्टर कोण एवढीच चौकशी करून, मोडलेला हात घेऊन नेत्रविशारदाच्या दारी जाऊन बसावे, तशातलाच हा प्रकार होय. परंतु ही समजूत इतकी दृढमूल झाली आहे की तिची सविस्तर तपासणी केल्यावाचून गत्यंतर नाही.

या क्रमवाऱ्या मुख्यत्वे दोन जातींच्या असतात. पहिली जात परीक्षेची. एमएमएलयू नावाची एक प्रसिद्ध कसोटी २०२० साली तयार झाली. तीत ५७ विषय, सुमारे सोळा हजार प्रश्न, आणि प्रत्येकाला चार पर्याय. पुढे कित्येक वर्षे प्रत्येक कंपनी नवे प्रतिमान (मॉडेल) बाजारात आणताना या परीक्षेतील आपले गुण मोठ्या अभिमानाने जाहीर करीत असे. २०२४ मध्ये एडिंबरा विद्यापीठातील व इतर संशोधकांनी खुद्द प्रश्नपत्रिकाच तपासावयास घेतली, तेव्हा सुमारे साडेसहा टक्के प्रश्नांतच दोष असल्याचा त्यांचा अंदाज निघाला. विषाणुशास्त्राच्या तपासलेल्या प्रश्नांत तर सदोष प्रश्नांचे प्रमाण निम्म्याहून अधिक भरले. ज्या प्रश्नपत्रिकेत एवढी खोट आहे, तिच्यात पहिल्याला दुसऱ्यापेक्षा एक टक्का गुण अधिक मिळाले म्हणून कोणी हर्षभरित व्हावे, याचे नवल वाटते. शिवाय असे प्रश्न इंटरनेटवर उघड पडलेले असतात, त्यामुळे ज्या मजकुरावर हे यंत्र वाढले त्याच मजकुरात ते आधीपासून मिसळलेले नसतील याची हमी कोणी द्यावी? आणि हे सर्व क्षणभर बाजूला ठेवले, तरी इंग्रजीतील चार पर्यायांपैकी एकावर खूण करण्याच्या कौशल्याचा, तुमच्या भाडेकरारनाम्याचा गोषवारा सुबोध मराठीत लिहिण्याशी संबंध काय?

दुसरी जात लोकमताची. बर्कली येथील विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी २०२३ मध्ये ‘चॅटबॉट अरीना’ सुरू केला. येथे तुम्ही प्रश्न विचारावयाचा, दोन अनाम प्रतिमानांची उत्तरे शेजारी शेजारी येणार, तुम्ही त्यांतील एकाला कौल द्यावयाचा, आणि अशा असंख्य कौलांवरून, बुद्धिबळपटूंना देतात त्या धर्तीवर, प्रत्येकाचे मानांकन ठरणार. ही पद्धत तत्त्वतः निष्पक्ष आहे, आणि तिची कल्पना मला आजही चातुर्याची वाटते. तथापि कौल देणारा मनुष्य उत्तराची सत्यता पडताळून पाहतोच असे नाही; त्याला लांबलचक, ठळक मथळ्यांनी व बिंदुवार यादीने नटलेले उत्तर आवडून जाते. हा प्रभाव इतका होता की २०२४ मध्ये स्वतः संयोजकांनी उत्तराची लांबी व मांडणी यांचा हिशेब वजा करून फेरगणना केली, आणि क्रम बदलले. २०२५ च्या एप्रिलमध्ये याहून कौतुकास्पद प्रकार घडला. मेटा कंपनीच्या ‘लामा ४’ कुलातील जे प्रतिमान तेथे दुसऱ्या क्रमांकावर झळकले, ते संभाषणासाठी खास घडविलेले प्रायोगिक रूप होते. लोकांच्या हाती दिलेले प्रतिमान निराळेच होते, आणि ते पुढे यादीत दाखल झाल्यावर कितीतरी खाली उतरले. संयोजकांना जाहीर खुलासा करून नियम बदलावे लागले. त्याच महिन्यात प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधाने दाखवून दिले की ‘लामा ४’च्या प्रकाशनापूर्वी मेटाने सत्तावीस खाजगी आवृत्त्या तेथे आजमावून पाहिल्या होत्या. मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रात यातील एक अक्षरही नसते.

मराठी वाचकापुरती आणखी एक बाब आहे, आणि ती कोणत्याच चित्रात दिसत नाही. हे यंत्र मजकूर वाचण्यापूर्वी त्याचे लहान लहान तुकडे पाडते. त्यांना टोकन म्हणतात, आणि वापराची मर्यादा, वेग व खर्च या सर्वांचा हिशेब याच तुकड्यांवर चालतो. मे २०२४ मध्ये जीपीटी-४ओ हे प्रतिमान जाहीर करताना चॅटजीपीटीच्या ओपनएआय कंपनीने जे नमुने दिले, त्यांत मराठीतील एकाच मजकुराचे पूर्वी ९६ तुकडे पडत, नव्या पद्धतीत ३३ पडतात, अशी नोंद होती. म्हणजे तोवर मराठीत लिहिणारा मनुष्य त्याच मजकुरासाठी जवळजवळ तिप्पट जागा खर्च करीत होता, आणि इंग्रजी परीक्षेतील गुणपत्रकावर त्याचा मागमूसही नव्हता.

तेव्हा निवड करावी कशी? उपाय इतका साधा आहे की तो सांगितला म्हणजे लोक निराश होतात. आपल्या नित्याच्या कामातील चार-पाच प्रश्न, ज्यांची उत्तरे आपल्याला आधीच खात्रीने ठाऊक आहेत, ते मराठीत लिहून दोन-तीन चॅटबॉटांना एकाच बैठकीत विचारावेत. शेतकऱ्याने सातबाऱ्यावरील ‘इतर हक्क’ या रकान्यातील नोंदीचा अर्थ विचारावा. शिक्षकाने स्वतः अनेकदा शिकविलेल्या धड्यावर प्रश्न काढून घ्यावेत. कारकुनाने जुन्या पत्राचा मसुदा नव्याने करवून पाहावा. याखेरीज एक प्रश्न मुद्दाम खोटा असावा: जो शासननिर्णय कधी निघालाच नाही, त्याचा मनःपूत क्रमांक व दिनांक देऊन त्यातील तरतुदी विचाराव्यात. ‘असा निर्णय मला आढळत नाही’ म्हणणारा चॅटबॉट दफ्तरी कामास ठेवण्याजोगा समजावा. जो त्यातील कलमे धडाधड सांगू लागेल, त्याची भाषा कितीही रसाळ असली तरी त्याला लांबून नमस्कार करावा.

ही सावधगिरी अतिरेकी वाटत असेल तर २०२५ मधील मुंबई उच्च न्यायालयाचा एक निवाडा पाहावा. प्राप्तिकर खात्याचा एक आकारणी-आदेश न्यायालयाने रद्द ठरविला. त्यात आधारादाखल दिलेले न्यायनिर्णय मुळात अस्तित्वातच नव्हते, आणि यंत्राने पुढे केलेली माहिती खातरजमेवाचून वापरू नये, अशी समज न्यायमूर्तींना द्यावी लागली. ताज्या घडामोडींसाठी चॅटबॉट हवा असेल तर तो इंटरनेटवर शोध घेऊन मूळ दुवे देणारा असावा, हे खरे. पण ते दुवे उघडून पाहण्याचे कष्ट टळत नाहीत. बीबीसी व युरोपीय प्रसारण संघ यांनी २०२५ मध्ये चार चॅटबॉटांची बातम्यांविषयीची सुमारे तीन हजार उत्तरे तपासली, तेव्हा ४५ टक्के उत्तरांत किमान एक गंभीर दोष आढळला, आणि संदर्भ देण्यातील गंभीर गफलत ३१ टक्के उत्तरांत होती. ज्याचा सारा पत्रव्यवहार गूगलच्या वा मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीत आहे त्याने त्याच प्रणालीतील चॅटबॉट सोयीखातर पत्करला, तर क्रमवारीभक्तांना ते कारण क्षुद्र वाटेल. मला ते पुरेसे वाटते.

उरलेल्या गैरसमजांना इतकी जागा देण्याचे प्रयोजन नाही. पैसे भरले म्हणजे चुका थांबतात, असे मुळीच नाही. वापराची मर्यादा वाढते, अधिक समर्थ प्रतिमान मिळते, परंतु ठोकून देण्याची खोड सशुल्क आवृत्तीतही शिल्लक राहते. फुकट मिळाले ते आपल्यासाठीच निवडलेले, ही समजूतही तितकीच भाबडी: २०२५ मध्ये एअरटेलने परप्लेक्सिटी या चॅटबॉटची सशुल्क आवृत्ती वर्षभर, जिओने जेमिनीची अठरा महिने आणि ओपनएआयने चॅटजीपीटीची ‘गो’ आवृत्ती वर्षभर विनामूल्य देऊ केली; असे मिळालेले जरूर वापरावे, मात्र मुदत संपण्याची तारीख वहीत टिपून ठेवावी. ‘तुमच्यात श्रेष्ठ कोण?’ हे चॅटबॉटलाच विचारणाऱ्यांना एवढेच सांगतो की २०२४ च्या डिसेंबरात डीपसीकचे नवे प्रतिमान आपण चॅटजीपीटी असल्याचे सांगत होते. एकदा निवडला की कायमचा निवडला, हेही खरे नव्हे. एप्रिल २०२५ मध्ये चॅटजीपीटी एका सुधारणेनंतर इतके खुशामतखोर झाले की कंपनीला ती काही दिवसांतच मागे घ्यावी लागली.

राहता राहिला गोपनीयतेचा मुद्दा. आपण लिहिलेले आपल्यापाशीच राहते, असे मानून लोक आधार कार्डापासून रक्तचाचणीच्या अहवालापर्यंत सर्व काही बिनदिक्कत चढवितात. भारत सरकारच्या अर्थ मंत्रालयाने मात्र जानेवारी २०२५ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना कार्यालयीन संगणकांवर अशी साधने वापरण्यास मज्जाव केला. चॅटजीपीटी व डीपसीक यांचा त्यात नावानिशी उल्लेख होता. अत्यंत खाजगी कागदपत्रांचे काम असेल तर स्वतःच्या संगणकावर चालणारी खुली प्रतिमाने उपलब्ध आहेत, पण त्यांतील लहान प्रतिमाने मराठीत वारंवार अडखळतात आणि मोठ्यांना महाग यंत्र लागते. इतरांनी निदान ‘सेटिंग्ज’मध्ये जाऊन आपली संभाषणे प्रशिक्षणासाठी वापरण्याची परवानगी चालू आहे की बंद, हे पाहावे, आणि ती आज बंद केली तरी प्रशिक्षणात यापूर्वीच वापरला गेलेला मजकूर तिने परत येत नाही, हे ध्यानात असू द्यावे.