रूट ६६ : ऐकीव आणि खरं

मुलगी-जावई किंवा मुलगा-सून अमेरिकेत असलेल्या घरांमध्ये 'या खेपेला रूट ६६ करूया' असा बेत हल्ली बराच निघतो. शिकागोहून लॉस एंजेलिसला जाणारा हा रस्ता ११ नोव्हेंबर १९२६ ला अमेरिकेच्या महामार्गांच्या यादीत आला. म्हणजे २०२६ हे त्याचं शतकवर्ष, त्यामुळे या बेतांना आणखीच जोर आलाय. बेत उत्तमच आहे. पण तो आखताना ज्या गोष्टी गृहीत धरल्या जातात, त्यांतल्या बऱ्याचशा गाण्यांतून, 'कार्स'सारख्या सिनेमांतून आणि टी-शर्टवरच्या छापातून आलेल्या असतात. त्यांच्या भरवशावर निघालेली मंडळी शिकागोच्या वेशीवरच चुकतात.

'फोनमध्ये रूट ६६ टाकलं की झालं'

इथूनच घोळ सुरू होतो. कारण सरकारदरबारी हा रस्ता १९८५ सालीच संपला. यादीतून त्याचा क्रमांक काढून टाकला गेला. शिकागो ते सँटा मोनिका असा पत्ता दिलात, तर फोन तुम्हाला इंटरस्टेट या मोठ्या रस्त्यांवरूनच नेणार, कारण त्याला लवकर पोचवायचं असतं. तुम्ही तीन-चार दिवस ट्रकांच्या रांगांमधून गाडी हाणाल आणि जुना रस्ता कुठे लांबच राहील, तर कुठे कुंपणापलीकडे समांतर धावेल. तो दिसेल, पण त्यावर जाता येणार नाही.

मग 'रस्ता बंद झालाय, आता बघण्यासारखं काही उरलं नाही' हा उलटा समजही तितकाच चुकीचा. जुन्या मार्गाचा साधारण ८५ टक्के भाग आजही गाडीने जाण्याजोगा आहे. फक्त तो एका नावाखाली नांदत नाही. ऑल्बुकर्कीत तो सेंट्रल अव्हेन्यू आहे, ओक्लाहोमात बऱ्याच भागात राज्य महामार्ग ६६ आहे, कुठे काउंटीचा साधा डांबरी रस्ता आहे, तर कुठे इंटरस्टेटच्या काँक्रीटखाली गाडला गेलाय. टेक्सस आणि न्यू मेक्सिकोत इंटरस्टेटला लागून जाणारे त्याचे तुकडे अचानक कुंपणापाशी संपतात आणि गाडी वळवून मागे यावं लागतं.

यावर उपाय एकच, वळणावळणाची सूचना देणारं छापील पुस्तक. जेरी मॅक्लॅनाहन यांचं 'ईझी ६६ गाइड' या वाटेवरच्या जवळजवळ प्रत्येक संग्रहालयात विकायला असतं. शेजारी बसणाऱ्याने ते मोठ्याने वाचायचं. फोनच वापरायचा असेल तर रोज रात्री दुसऱ्या दिवसाच्या वाटेवरची लहान गावं एकेक करून थांबे म्हणून घालायची, म्हणजे त्याला इंटरस्टेट पकडायला वाव राहत नाही.

हा रस्ता एका दिवसात मेला नाही, हेही समजून घ्यायला हवं, कारण कुठे काय टिकलं याचं उत्तर त्यात आहे. १९५६ च्या कायद्याने इंटरस्टेटांना पैसा मिळाला आणि पुढची जवळपास तीस वर्षं गावांमागून गावं मुख्य वाटेबाहेर पडत गेली. शेवटचं गाव ॲरिझोनातलं विल्यम्स, १३ ऑक्टोबर १९८४. कॅन्सस राज्यातला जेमतेम २१ किलोमीटरचा तुकडा तर इंटरस्टेटने शिवलासुद्धा नाही. ॲरिझोनातल्या सेलिग्मनला १९७८ मध्ये इंटरस्टेटने वळसा घातला आणि दिवसभर वाहणारा रस्ता एकाएकी ओस झाला. तिथले न्हावी एंजल डेलगाडियो यांनी गावकऱ्यांना गोळा केलं, संघटना उभी केली आणि १९८७ मध्ये राज्य सरकारकडून या पट्ट्याला 'ऐतिहासिक' असा दर्जा मिळवला. तपकिरी पाट्या, दुकानांतली चुंबकं, पर्यटकांच्या बस हे सगळं त्यानंतरचं. काही जणांना हे खोटं, बाजारी वाटतं. मला नाही वाटत. ज्यांचं पोट त्या रस्त्यावर होतं, त्यांनीच तो परत ओढून आणला.

'रूट ६६ म्हणजे एक सलग रस्ता'

साडेपाच-सहा दशकांत हा रस्ता इतक्या वेळा हलवला, सरळ केला, रुंदावला, की 'खरा' मार्ग कोणता हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. कोणत्या सालचा मार्ग, एवढंच विचारायचं.

न्यू मेक्सिकोचं उदाहरण घ्या. १९२६ मध्ये हा रस्ता सँटा रोझाहून उत्तरेला सँटा फेला जायचा आणि मग खाली ऑल्बुकर्कीत उतरायचा. त्याच वर्षी तिथले गव्हर्नर आर्थर हॅनेट निवडणूक हरले. जाता जाता त्यांनी सँटा रोझा ते मोरियार्टी असा सरळ रस्ता काढायला सांगितलं, म्हणजे राजधानी सँटा फे बाजूला पडणार! नवे गव्हर्नर काम थांबवायच्या आत, भर हिवाळ्यात मजुरांनी तो काढला. हॅनेटांनी राजधानीवर उगवलेला सूड म्हणून ही गोष्ट आजही तिथे चवीने सांगितली जाते. १९३७ मध्ये रूट ६६ अधिकृतपणे याच सरळ वाटेवर आला आणि राज्यातलं अंतर शंभरेक मैलांनी घटलं. त्याचा परिणाम आज ऑल्बुकर्कीत फोर्थ स्ट्रीट आणि सेंट्रल अव्हेन्यूच्या चौकात दिसतो. आधीचा ६६ तिथे उत्तर-दक्षिण जातो, नंतरचा पूर्व-पश्चिम. रूट ६६ तिथे स्वतःलाच छेदतो. बेत करताना ठरवायचं ते एवढंच, की सँटा फेसाठी एक दिवस वाढवायचा का. मी वाढवा म्हणेन.

दुसरं उदाहरण ओक्लाहोमातल्या मायामी आणि ॲफ्टन या गावांमधलं. इथे १९२२ सुमाराचा, म्हणजे ६६ क्रमांक मिळण्याच्याही आधीचा रस्ता आहे. रुंदी फक्त नऊ फूट. पैसे निम्म्या रुंदीपुरतेच होते म्हणून एकच मार्गिका बांधली असं सांगतात. दोन्ही कडांना काँक्रीटची कड, मध्ये उखडलेला थर, दोन्ही बाजूंना खडी आणि गवत. समोरून गाडी आली की दोघांनीही एकेक बाजूची चाकं खडीत उतरवायची. १९३७ पर्यंत देशाचा महामार्ग इथून जात होता, यावर तिथे उभं राहूनही विश्वास बसत नाही. पाऊस पडून गेला असेल तर मात्र तिकडे जाऊ नका. भाड्याच्या गाड्यांच्या करारात कच्च्या रस्त्याला बहुधा मनाई असते, हेही ध्यानात ठेवा.

'हा अमेरिकेचा पहिला, या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंतचा रस्ता' असंही छापून येतं. दोन्ही चूक. न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को जाणाऱ्या लिंकन हायवेची घोषणा १९१३ मध्येच झाली होती आणि रूट ६६ च्या शिकागोकडच्या टोकाला समुद्र नाही, मिशिगन सरोवर आहे. सँटा मोनिकाच्या धक्क्यावरची 'वाट इथे संपते' ही पाटी तर २००९ मधली. सुरुवातीला रस्ता लॉस एंजेलिस शहरातच संपत होता. १९३६ मध्ये तो सँटा मोनिकापर्यंत नेला, तोही ऑलिम्पिक आणि लिंकन या रस्त्यांच्या चौकापर्यंत. फोटो मात्र धक्क्यावरच काढा, चौकात काही बघण्यासारखं नाही.

'आठवडाभरात उरकेल'

एकूण अंतर ३,९०० किलोमीटरच्या वर. इंटरस्टेटवरच्या वेगाचा गुणाकार इथे चालत नाही. जुना रस्ता प्रत्येक गावाच्या मुख्य पेठेतून जातो, प्रत्येक सिग्नलला थांबवतो आणि लहान गावांतली संग्रहालयं चार-पाचला दारं लावतात. दिवसाला अडीचशे-तीनशे किलोमीटर, म्हणजे पुरे दोन आठवडे धरा. पश्चिमेकडे जाताना दुपारनंतर सूर्य थेट डोळ्यांवर येतो, त्यामुळे सकाळी लवकर निघालेलं बरं. टेक्ससमधून न्यू मेक्सिकोत शिरताना घड्याळ एक तास मागे करावं लागतं. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळं पुढे करत नाही, पण त्यातलाच नवाहो या मूळ अमेरिकी जमातीचा प्रदेश करतो.

ग्रँड कॅन्यन आणि लास व्हेगास 'वाटेवरच' आहेत या समजुतीने तर वेळापत्रकाची वाटच लागते. दोन्ही या रस्त्यावर नाहीत. विल्यम्सहून कॅन्यनचा दक्षिण काठ साधारण ९५ किलोमीटर, जायचे. किंगमनहून व्हेगास १७० च्या आसपास. शिवाय काचेच्या पुलाचे फोटो पाहून दक्षिण काठाला जाणारे तिथे तो पूल शोधत बसतात. तो हुआलापाई या मूळ अमेरिकी जमातीच्या जमिनीवर, कॅन्यनच्या पश्चिम टोकाला आहे, काही तासांच्या अंतरावर.

मे महिन्याच्या सुट्टीत जावं, हे आपल्याकडचं गणित. मे म्हणजे ओक्लाहोमा-टेक्ससच्या मैदानात टॉर्नेडो वादळांचा हंगाम. फोनवरचे इशारे बंद करू नका आणि रोज संध्याकाळी हवामान बघा. जून-जुलैत मोहावी वाळवंटात पारा ४० च्या पुढे सहज जातो, तर सुमारे ७,००० फुटांवरच्या फ्लॅगस्टाफमध्ये हिवाळ्यात बर्फ असतो. त्यामुळे सप्टेंबरचा शेवट आणि ऑक्टोबर सर्वांत सोयीचा. मोहावीतले लाकडी पूल पुरांनी खचलेत, ते तुकडे वर्षानुवर्षं बंद असतात. तिथली ताजी स्थिती सॅन बर्नार्डिनो काउंटीकडून कळते. पेट्रोल ॲरिझोनातच भरून घ्या, कॅलिफोर्नियात ते महाग आहे.

कागदपत्रांबद्दलचा एक समज मोडायलाच हवा. आंतरराष्ट्रीय परवाना हा स्वतंत्र परवाना नाही. तो मूळ भारतीय परवान्यासोबतच चालतो आणि निघण्याआधी आपल्याकडच्या आरटीओतून काढावा लागतो. वाटेत आठ राज्यं आहेत, त्यांचे नियम वेगवेगळे आहेत, आणि गाडी देणाऱ्या कंपनीच्या अटी त्याहून वेगळ्या. शिकागोत घेऊन लॉस एंजेलिसला सोडली तर वेगळा आकार पडतो, तो आधी विचारून घ्या.

'तेव्हाची मोकळी, आनंदी अमेरिका'

हा समज सगळ्यांत गोड आणि सगळ्यांत अर्धवट. स्टाइनबेकच्या 'द ग्रेप्स ऑफ रॅथ' या कादंबरीतलं कुटुंब या रस्त्यावर सहलीला निघालं नव्हतं, दुष्काळ आणि कर्जाने घर सोडायला लावलं म्हणून निघालं होतं. १९३६ मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी राज्याच्या सीमेवर जाऊन अशा गरिबांना परत पाठवलं होतं. त्याच वर्षी व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या न्यूयॉर्कच्या टपाल कर्मचाऱ्याने 'ग्रीन बुक' काढायला सुरुवात केली. कृष्णवर्णीय प्रवाशाला कुठे खोली मिळेल, कुठे जेवण मिळेल, याची ती यादी होती. रूट ६६ वरच्या अनेक गावांत त्यांना सूर्यास्तानंतर थांबायला बंदी होती. ओक्लाहोमातल्या लूथरजवळचा थ्रेट कुटुंबाचा पेट्रोल पंप कृष्णवर्णीयांच्या मालकीचा होता, त्याची दगडी इमारत अजून उभी आहे. तिथे गाडी थांबवा. पश्चिमेकडचा बराच रस्ता मूळ अमेरिकी जमातींच्या भूमीतून जातो. तिथल्या वस्त्यांमध्ये फोटो काढण्याआधी विचारायचं, आणि नवाहो प्रदेशात दारूला बंदी आहे.

आणि 'अस्सल अमेरिकन मोटेल' शोधत गेलात, तर काउंटरपलीकडे गुजराती बोलणारं कुटुंब भेटण्याची शक्यता बरीच आहे. मोडकळीला आलेली मोटेलं विकत घेऊन, मागच्याच खोलीत संसार थाटून ती चालवणारे हे पटेल नसते, तर या रस्त्यावरचे कित्येक निऑन दिवे केव्हाच विझले असते. एकेकाळी शेजारचे स्पर्धक 'मालक अमेरिकन' अशा पाट्या लावायचे, हेही त्याच इतिहासात येतं. शाकाहाराचं मात्र स्वतःच बघावं लागतं. राजम्यासारख्या दिसणाऱ्या उसळीत डुकराची चरबी असू शकते, न्यू मेक्सिकोतल्या हिरव्या मिरचीच्या रश्शातही मांस असू शकतं. विचारलं की सांगतात.

शेवटी, पूर्ण रस्ता केला तरच 'केला' असं मानण्याचं कारण नाही. चारच दिवस असतील तर लास व्हेगासला गाडी घ्या आणि तिथेच सोडा, म्हणजे तो वेगळा आकारही वाचेल. किंगमनहून जुन्या रस्त्याने हॅकबेरी, पीच स्प्रिंग्ज करत सेलिग्मन. इंटरस्टेटने हे अंतर कमी आहे, तो मोह टाळायचा. विल्यम्सला मुक्काम, एक पूर्ण दिवस ग्रँड कॅन्यनला, आणि परतीला किंगमनहून सिटग्रीव्ह्ज घाट चढून ओटमन. त्या गावात खाणकामगारांच्या गाढवांचे वंशज रस्त्याच्या मधोमध उभे असतात आणि हॉर्नला दाद देत नाहीत. घाटाला बहुतेक ठिकाणी कठडा नाही आणि ४० फुटांहून लांब गाड्यांना तिथे मज्जाव आहे, तेव्हा घरासारखी मोठी आरव्ही भाड्याने घ्यायचा विचार असेल तर हा टप्पा वगळा किंवा साधी मोटार घ्या.