लस टोचल्यानंतरचा अर्धा तास

१२ जानेवारी २०२१ च्या पहाटे पुण्याजवळच्या मांजरी इथल्या सीरम इन्स्टिट्यूटमधून कोव्हिशील्ड या कोविड लसीची पहिली खेप पुणे विमानतळाकडे निघाली. १६ जानेवारीला देशभर लसीकरण सुरू झालं. लस घेतलेल्या प्रत्येकाला केंद्रावर अर्धा तास बसवून ठेवत. बाळाच्या लसीनंतरही तेवढंच थांबायला सांगतात. या वेळात सिस्टर काय पाहत असतात?

लसीची सर्वांत गंभीर अ‍ॅलर्जी म्हणजे अ‍ॅनाफिलॅक्सिस. ती फार विरळा, पण झाली तर काही मिनिटांत जिवावर बेतते. सुईच्या धास्तीने चक्कर येणं मात्र नेहमीचं. दोन्हींत माणूस खुर्चीतच कोसळू शकतो, आणि उपचार मात्र अगदी वेगळे.

समजा, एक कॉलेजचा मुलगा टोचून घेताच पांढराफटक पडला. सिस्टर त्याला आडवं करतात, पाय उंच ठेवतात आणि नाडी पाहतात. नाडी मंद, अंग गार आणि घामेजलेलं, श्वास मोकळा. मिनिटा-दोन मिनिटांत तो डोळे उघडतो. ही साधी चक्कर. याला औषध लागत नाही.

दुसऱ्या बाईंना धाप लागली आहे, बोटांना मुंग्या आल्या आहेत. पण छातीत घरघर नाही, ऑक्सिजन ९९ टक्के, अंगावर काही उठलेलं नाही. हा घबराटीचा श्वास. शेजारी बसून सावकाश श्वास घ्यायला लावलं की तो उतरतो. तरी सिस्टर दर थोड्या वेळाने पुन्हा तपासतात.

तिसऱ्या माणसाची नाडी जलद आणि क्षीण आहे. आवाज घोगरा झालाय, ओठ सुजलेत, उलटी झाली. आडवं करूनही उतार नाही. ही अ‍ॅनाफिलॅक्सिस. इथे थांबायचं नसतं.

खरी कसोटी लागते ती खुणा अर्धवट असतात तेव्हा. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. म्हणून अंगावरून हात फिरवून गांधी चाचपाव्या लागतात. काहींना गांधी उठतच नाहीत. रक्तदाबाच्या काही गोळ्या नाडी वाढू देत नाहीत. ज्या आजोबांचा वरचा रक्तदाब एरवी १७० असतो, त्यांचा अचानक ११० झाला तर तो आकडा नॉर्मल नव्हे, घसरलेला आहे. तान्ह्या बाळाला साधी चक्कर सहसा येत नाही. ते एकाएकी निपचित पडलं तर आधी अ‍ॅनाफिलॅक्सिसच धरून चालतात. कुठल्याही एका खुणेवर निकाल देता येत नाही. श्वास, नाडी, त्वचा, शुद्ध आणि लस दिल्यापासूनची मिनिटं हे सगळं एकत्र जुळवायचं, आणि तेही काही क्षणांत.

निर्णय झाला की अ‍ॅड्रेनलीन. मोठ्या माणसाला ०.५ मिलिग्रॅमचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत. तिथून ते दंडापेक्षा लवकर रक्तात जातं. सोबत डॉक्टरांना हाक आणि १०८ ला फोन. आपल्याकडे आधी एव्हिल हे अ‍ॅलर्जीचं औषध देऊन वाट पाहण्याची सवय दिसते. एव्हिलने खाज कमी होते; बंद होत चाललेली श्वासनलिका उघडत नाही. शंका असेल तर अ‍ॅड्रेनलीन देणंच बरं. चक्कर आलेल्याला ते चुकून दिलं तर बहुधा काही वेळ छाती धडधडते. अ‍ॅलर्जीत उशीर झाला तर माणूस हातचा जातो.

मांजरीतून निघालेली लस गावोगाव पोहोचते. ती सुरक्षित ठेवतं ते टोचणाऱ्या हातामागचं हे जाणतं डोकं. त्याला काम करू द्यायचं तर आपणही थोडं करायला हवं: आधीची अ‍ॅलर्जी, दमा, चालू गोळ्या टोचण्यापूर्वीच सांगा. घशात काही वेगळं वाटलं तर संकोच न करता हाक मारा. आणि कितीही घाई असली तरी तो अर्धा तास बसा.