खर्रा सोडवत का नाही?
वाशीमपासून गडचिरोलीपर्यंत पानठेल्यांवर सुपारी, तंबाखू, चुना घोटून खर्रा बनतो. त्यातलं निकोटिन उत्तेजक. ते मेंदूत डोपामिन वाढवतं, हे बऱ्याच जणांच्या कानावर असतं. पण मेंदू स्वतःही अफूसारखी रसायनं तयार करतो. त्यांतलं एन्केफॅलिन १९७५ मध्ये ॲबर्डीनच्या शास्त्रज्ञांनी ओळखलं. निकोटिन ही रसायनंही चाळवतं. ती जिथे चिकटतात ते ‘म्यू’ ग्राहक नसलेल्या उंदरांना निकोटिनची गोडीच लागली नाही. मेथॲम्फेटामिन या दुसऱ्या उत्तेजकाच्या व्यसनावरील २०२१ च्या अमेरिकी चाचणीत हे ग्राहक अडवणारं नाल्ट्रेक्सोन, ब्युप्रोपिऑनसोबत, १३.६ टक्के जणांना लागू पडलं; औषधाचा नुसता आभास दिलेल्यांत २.५ टक्के. आकडा लहान, तरी मला मोलाचा वाटतो. खर्रा न सुटणाऱ्याला मनाचा कच्चा म्हणू नका. १८००-११-२३५६ ही सरकारी तंबाखूमुक्ती मदतवाहिनी मोफत आहे.