चार महिन्यांच्या रात्रीतला लांडगा

रात्र किती तासांची असते, असे विचारले तर तुम्ही चटकन म्हणाल, ‘साधारण बारा तासांची.’ पण पृथ्वीवर एक जागा अशी आहे, की जिथे ऑक्टोबरच्या मध्यास मावळलेला सूर्य थेट फेब्रुवारीच्या उत्तरार्धात उगवतो. चार महिन्यांची सलग रात्र! या रात्रीत पारा उणे ५० अंश सेल्सिअसच्याही खाली उतरतो. अशा ठिकाणी कोणी राहत असेल का?

राहतो. तेथे लांडगा राहतो.

ही जागा म्हणजे कॅनडाच्या अगदी उत्तर टोकाचे एल्समिअर बेट. आकाराने ते महाराष्ट्राच्या जवळजवळ दोन-तृतीयांश आहे. पण वस्ती म्हणाल, तर बोटांवर मोजण्याइतकी. बेटावर एकही झाड नाही. जमीन वर्षभर खोलवर गोठलेली असते. उन्हाळ्यात तिचा फक्त वरचा थर वितळतो आणि त्यावर गवत, शेवाळ आणि खुरट्या झुडपांची विरळ हिरवळ उगवते. अशा प्रदेशाला ‘टुंड्रा’ म्हणतात. येथील लांडग्याचे शास्त्रीय नाव कॅनिस ल्यूपस आर्क्टॉस. आपल्या सोलापूर-पुण्याकडच्या माळरानांवर फिरणारा लांडगा आणि हा, दोघे एकाच जातीचे. फरक आहे तो हवामानाने घडवलेला.

थंडीशी सामना

आपला माळावरचा लांडगा साधारण वीस किलो वजनाचा, भुरकट रंगाचा, लांब कानांचा. एल्समिअरचा लांडगा त्याच्या दुपटीच्या आसपास भरतो. रंग बाराही महिने पांढरा. कान मात्र लहान, आणि तोंडही थोडे आखूड. असे का? उघड्या भागातून शरीरातील उष्णता बाहेर निसटते. कान जेवढा मोठा, तेवढी उष्णता अधिक वाया जाणार. उष्ण प्रदेशात ते फायद्याचे, थंड प्रदेशात तोट्याचे. थंडीच्या प्रदेशातील प्राण्यांचे कान, पाय, शेपटी आखूड असतात, ही गोष्ट अॅलन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८७७ साली मांडली. अंगावर केसांचे दोन थर असतात : आत मऊ, दाट लोकर आणि बाहेर लांब, राठ केस. आतला थर ऊब धरून ठेवतो, बाहेरचा बर्फ आणि वारा अडवतो.

पण पंजांचे काय? ते तर उघडेच बर्फावर टेकलेले! येथे निसर्गाने एक युक्ती केली आहे. पायाकडे ऊन रक्त नेणाऱ्या आणि तिकडून थंड रक्त परत आणणाऱ्या रक्तवाहिन्या एकमेकींना लगटून असतात. जाणारे रक्त आपली उष्णता वाटेतच येणाऱ्या रक्ताला देऊन टाकते. त्यामुळे शरीराची ऊब शरीरातच राहते आणि पंजा थंड राहतो. मात्र तो गोठत नाही. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लांडग्याचा पाय उणे ३५ अंशांच्या द्रवात ठेवून पाहिला, तेव्हा पंजाचे तापमान गोठणबिंदूच्या जरासे वरच टिकून राहिले. गरजेपुरतीच ऊब द्यायची, त्याहून जास्त नाही, असा हा काटकसरीचा कारभार आहे.

गवत, बैल आणि लांडगा

लांडगा खातो काय? मुख्यतः मस्क-ऑक्स, म्हणजे कस्तुरी-बैल, आणि ध्रुवीय ससे. कस्तुरी-बैल दोनशे ते चारशे किलोंचा, लोंबत्या केसांचा दांडगा प्राणी. लांडगे आले, की कळपातील मोठी जनावरे वासरांना मध्ये घेऊन, शिंगे बाहेर रोखून कडे करतात. हे कडे मोडले नाही तर लांडग्यांना हात हलवीत परतावे लागते, आणि पुष्कळदा तसेच होते. म्हणून शिकार साधली, की एक लांडगा एका बैठकीत नऊ-दहा किलो मांसही फस्त करतो. पुढचे जेवण कधी मिळेल, काय सांगावे!

आता एक कोडे. एवढ्या बर्फाळ प्रदेशात बैल चरतात कसे? गंमत अशी, की या भागात वर्षाकाठी १०० मिलिमीटरही पाऊस आणि बर्फ मिळून पडत नाही. ते एक थंड वाळवंटच आहे. बर्फाचा थर पातळ असल्यामुळे खुरांनी तो उकरला, की खाली गवत मिळते. पण हे गणित फार नाजूक आहे. १९९७ साली आणि पुन्हा २००० साली उन्हाळ्याचे हवामान बिघडले. जनावरांना पुरेसे चरता आले नाही. कस्तुरी-बैल आणि ससे झपाट्याने घटले, आणि त्यांच्या मागोमाग लांडगेही. काही वर्षे त्यांची पिल्लेच दिसेनात. २००४ च्या सुमारास घडी पुन्हा बसली. लांडगा गवत खात नाही, पण गवतावाचून तो जगतही नाही!

चूक सुधारणारा शास्त्रज्ञ

ही निरीक्षणे करणारे शास्त्रज्ञ म्हणजे अमेरिकेचे डेव्हिड मेक. १९८६ पासून अनेक उन्हाळे त्यांनी या बेटावर काढले. इतरत्र लांडगे माणसाचा वास येताच पळतात, कारण माणसाने शतकानुशतके त्यांना मारले. येथे त्यांचा पाठलाग कोणी केला नव्हता. मेक यांना बिळाजवळ बसून त्यांचे जीवन पाहता आले.

लांडग्यांच्या कळपात झुंजी होतात, जिंकणारा म्होरक्या बनतो आणि इतरांना दाबून ठेवतो, असे तोपर्यंत मानले जाई. ही कल्पना १९४७ साली शेंकेल या शास्त्रज्ञाने प्राणिसंग्रहालयातील लांडग्यांवरून मांडली होती. मेक यांनीही १९७० च्या आपल्या ग्रंथात ती दिली आणि ती जगभर पसरली. पण एल्समिअरवर त्यांना निराळेच दिसले. कळप म्हणजे एक कुटुंब होते : आई, बाप, यंदाची पिल्ले आणि मागल्या एक-दोन वर्षांची भावंडे. शिकारीहून परतलेल्या लांडग्यांच्या तोंडाला पिल्ले चाटत, की ते पोटातले मांस ओकून त्यांना भरवीत. आईबापांचे ऐकले जाई ते झुंज जिंकल्यामुळे नव्हे, तर ते आईबाप होते म्हणून. आपल्या घरी वडील होण्यासाठी कोणी कुस्ती मारतो का? मुले मोठी झाली, की घर सोडून जोडीदार शोधीत. पिंजऱ्यातले लांडगे भांडत, कारण अनोळखी प्राणी एकत्र कोंडलेले होते आणि त्यांना निघून जायला वाट नव्हती.

१९९९ साली मेक यांनी हे स्पष्टपणे लिहिले. स्वतःचा जुना ग्रंथ छापणे बंद करावे, असा आग्रहही त्यांनी प्रकाशकाकडे धरला. अखेर २०२२ साली तो बंद झाला. आपली चूक स्वतःच दाखवून देणे सोपे नाही. पण विज्ञान पुढे जाते ते असेच.

अंधारातला प्रवास

उन्हाळ्यातले लांडगे दिसले, पण त्या दीर्घ रात्रीत ते काय करीत? २००९ च्या जुलैत मेक आणि त्यांच्या सहकाऱ्याने एका लांडग्याच्या गळ्यात उपग्रहाद्वारे ठावठिकाणा कळवणारा पट्टा बांधला. एप्रिल २०१० पर्यंत त्याच्या मुक्कामाच्या खुणा येत राहिल्या. त्या नकाशावर मांडल्या, तर क्षेत्र भरले साडेसहा हजार चौरस किलोमीटरांहून अधिक, म्हणजे आपल्या रायगड जिल्ह्याहून थोडेसेच कमी! काळोखातही कळप थांबला नव्हता. भक्ष्याच्या शोधात तो चालतच होता.

पुढच्या हिवाळ्यात पांघरूण डोक्यावर ओढून घ्याल, तेव्हा क्षणभर आठवा : दूर उत्तरेला, जिथे सकाळ व्हायला अजून कित्येक आठवडे आहेत, तिथे एक कुटुंब बर्फावरून रांगेने चालले असेल.