रोमचा पैसा, गोंदियाचा बचत गट

परदेशी मदत म्हटली की कुणी तरी फुकट दिलेली थैली, असे वाटते. बहुतेक वेळा ते कर्ज असते, फक्त फार स्वस्त. रोमचा ‘आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधी’ ही संयुक्त राष्ट्रांची संस्था. तिच्या सर्वांत सवलतीच्या कर्जाच्या अटी वर्षानुवर्षे अशा होत्या: मुदत 40 वर्षे, पहिली 10 वर्षे मुद्दल नाही आणि सेवाशुल्क वर्षाला 0.75 टक्के. गावातल्या सावकाराला हे सांगून बघा!

याच निधीच्या साहाय्याने महाराष्ट्रात 2007 पासून ‘तेजस्विनी’ कार्यक्रम चालला. राबवणारे होते महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे ‘माविम’. 33 जिल्ह्यांत गोंदियाही आला.

गंमत अशी, की बायकांच्या हातात पडणारे कर्ज रोमचे नव्हतेच. ते स्थानिक बँकांचे. परदेशी पैसा मुख्यतः बायकांचे बचत गट बांधणे, हिशेब शिकवणे आणि लोकसंचालित साधन केंद्रे उभारणे यांत गेला. आसपासच्या गावांतले गट एकत्र येऊन असे केंद्र चालवतात, सेवांसाठी शुल्क घेतात. बँकेला एकेका बाईला पाच-दहा हजार देणे परवडत नाही. वही नीट ठेवणारा गट मात्र बँकेला चालतो. गोंदियात धान रोवणीच्या तोंडावर पैसा लागतो आणि पीक येते दिवाळीच्या सुमारास. मधल्या महिन्यांत शेळी, भाजीपाला किंवा किराणा दुकान यांवर घर चालते. गटाची छोटी कर्जे तिथेच कामी येतात.

कार्यक्रम 2018 मध्ये संपला. पुढे त्याच निधीच्या साहाय्याने ‘नव तेजस्विनी’ आला; त्याचा भर बचतीपेक्षा उद्योगांवर आहे.