विश्लेषण : पाच हजार युरोपीय निर्वासित कोल्हापूरजवळ का राहिले? स्थलांतराच्या अभ्यासात वळिवड्याला महत्त्व का?

युरोप आणि निर्वासित म्हटले, की डोळ्यांसमोर येतात त्या भूमध्य समुद्रातील खचाखच भरलेल्या होड्या. आशिया-आफ्रिकेतून निघालेली माणसे आणि दार उघडावे की नाही, या वादात अडकलेला युरोप. ऐंशी वर्षांपूर्वी मात्र प्रवासाची दिशा उलटी होती. घरदार गमावलेले सुमारे पाच हजार पोलिश नागरिक कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे आले आणि जवळपास पाच वर्षे राहिले. ‘निर्वासित कोणाला म्हणायचे’ या आजच्या वादाची अनेक उत्तरे या छावणीच्या इतिहासात सापडतात.

स्थलांतरित आणि निर्वासित यांत फरक काय?

बुलढाणा जिल्ह्यातील डोणगावचा एखादा तरुण कामासाठी पुण्याला गेला, तर तो स्थलांतरित. शेतीवर भागत नाही म्हणून जाणे त्याला भागच पडले असेल. पण सणावाराला, पेरणीला तो गावी येऊ शकतो. त्याचे नागरिकत्व, मतदानाचा हक्क कायम राहतो. युरोपात स्थलांतराचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला तो अशाच लोकांपासून. ई. जी. रेव्हन्स्टाइन यांनी १८८५ मध्ये ब्रिटनच्या जनगणनेच्या आधारे दाखवून दिले, की बहुतेक माणसे जवळच्या अंतरावरच स्थलांतर करतात आणि त्यामागे मुख्यतः पोटापाण्याचे कारण असते.

निर्वासिताची परतीची वाटच बंद झालेली असते. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व किंवा राजकीय मत यांमुळे छळ होण्याची साधार भीती असलेली, स्वतःच्या देशाबाहेर असलेली आणि त्या देशाचे संरक्षण घेऊ न शकणारी व्यक्ती म्हणजे निर्वासित. कागदावर फरक इतका स्पष्ट असला, तरी प्रत्यक्षात युद्ध, गरिबी आणि छळ एकमेकांत मिसळलेले असतात.

पोलिश नागरिक वळिवड्यापर्यंत कसे पोहोचले?

सप्टेंबर १९३९ मध्ये पश्चिमेकडून हिटलरच्या जर्मनीने आणि पूर्वेकडून स्टालिनच्या सोव्हिएत संघाने पोलंडवर आक्रमण केले. पूर्व पोलंडमधील लाखो लोकांना सोव्हिएत राजवटीने फेब्रुवारी १९४० पासून मालगाड्यांत कोंबून सायबेरिया आणि कझाकस्तानात पाठवले. तेथे जंगलतोड, खाणकाम, उपासमार आणि आजारपण वाट्याला आले.

जून १९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावरच हल्ला केला आणि चित्र पालटले. लंडनमधील परागंदा पोलिश सरकार आणि मॉस्को यांच्यात करार झाला, कैद्यांची सुटका झाली. जनरल अँडर्स यांच्या नेतृत्वाखाली पोलिश सैन्य उभे राहिले. १९४२ मध्ये या सैन्यासह एक लाखाहून अधिक लोक कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणला पोहोचले. पुरुष लढायला गेले. महिला, मुले आणि वृद्धांसाठी आसरा शोधणे सुरू झाले. काहींना पूर्व आफ्रिका, काहींना मेक्सिको, न्यूझीलंड मिळाले. नवानगर संस्थानचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी जामनगरजवळ बालाचडी येथे अनाथ मुलांना आश्रय दिला. कराचीमार्गे आलेल्या कुटुंबांसाठी १९४३ मध्ये कोल्हापूर संस्थानातील वळिवडे येथे मोठी छावणी उभी राहिली.

छावणीतील जीवन कसे होते?

बराकींच्या या वसाहतीत चर्च, रुग्णालय, शाळा, नाट्यगृह होते. शाळेत शिक्षण पोलिश भाषेतून चाले. मुलांची स्काउट पथके होती, पोलंडचे राष्ट्रीय सण साजरे होत. पंचगंगेच्या काठी जणू एक छोटे पोलंडच वसले होते.

त्यामागे एक ठाम समजूत होती : युद्ध संपले, की आपण घरी जाणार. मुलांना पोलिश इतिहास-भूगोल शिकवला जात होता, तो परत गेल्यावर त्यांचे अडू नये म्हणून. तात्पुरती म्हणून बांधलेली छावणी वर्षानुवर्षे चालू राहते आणि मुलांचे बालपण तिथेच सरते, हा अनुभव पुढे जगभरातील छावण्यांत वारंवार दिसून आला.

युद्ध संपल्यावर ते परत का गेले नाहीत?

फेब्रुवारी १९४५ मधील याल्टा परिषदेत पूर्व पोलंड सोव्हिएत संघाकडे राहणार, हे ठरले. यांतील बहुतेकांची घरे नेमकी त्याच भागात होती. जुलै १९४५ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेने वॉर्सामधील कम्युनिस्टप्रणीत सरकारला मान्यता दिली. लंडनमधील सरकारची मान्यता गेली. म्हणजे विजयी बाजूने लढूनही या कुटुंबांना परतायला गाव उरले नाही.

त्यांची जबाबदारी नव्याने स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संस्थांकडे गेली. परतण्यास नकार देण्याचा निर्वासिताचा अधिकार मान्य करावा का, हा त्या वेळचा कळीचा वाद होता. १९४७ मध्ये ब्रिटनने पोलिश सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांच्या पुनर्वसनासाठी कायदा केला. वळिवड्यातील अनेक जण तिकडे गेले. काही ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिकेत स्थायिक झाले, काही पोलंडलाही परतले. १९४८ मध्ये छावणी बंद झाली.

रिकाम्या बराकींचे काय झाले?

तेथे दुसरे निर्वासित आले. फाळणीत संपूर्ण सिंध पाकिस्तानात गेला आणि तेथून आलेल्या सिंधी कुटुंबांना याच जागेत वसवण्यात आले. आज कपड्यांची घाऊक बाजारपेठ म्हणून ओळखले जाणारे गांधीनगर ते हेच.

पोलिश कुटुंबांसाठी वळिवडे हा मुक्काम होता, सिंधी कुटुंबांसाठी ते गाव झाले. याचे मोठे कारण नागरिकत्व. सिंधी समाजाला भारताचे नागरिकत्व, व्यवसायाची मोकळीक आणि मतदानाचा हक्क मिळाला.

मात्र १९५१ च्या करारात फाळणीच्या निर्वासितांना जागा नव्हती. हा करार १ जानेवारी १९५१ पूर्वीच्या घटनांपुरता होता आणि तो केवळ युरोपातील घटनांपुरता मर्यादित ठेवण्याची मुभाही देशांना होती. ही बंधने १९६७ च्या पूरक कराराने काढली. भारताने या दोन्हींवर आजवर स्वाक्षरी केलेली नाही. तरीही तिबेटी आणि श्रीलंकेतील तमिळ निर्वासितांना भारताने आश्रय दिला.

संशोधक काय सांगतात?

जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील कायद्याचे अभ्यासक बी. एस. चिमणी यांनी १९९८ मध्ये युरोप-अमेरिकेतील निर्वासितविषयक अभ्यासावर महत्त्वाचा आक्षेप घेतला. शीतयुद्धाच्या काळात ‘खरा’ निर्वासित म्हणजे कम्युनिस्ट राजवटीतून पळालेला गोरा पुरुष, अशी प्रतिमा रूढ झाली. आशिया-आफ्रिकेतून माणसे येऊ लागली तेव्हा ती ‘वेगळी’ ठरवली गेली आणि निर्बंध कडक झाले. चिमणी यांनी याला ‘वेगळेपणाचे मिथक’ म्हटले. वळिवड्यातील बहुतांश निर्वासित महिला आणि मुले होती आणि त्यांना आसरा मिळाला तो वसाहतवादाखालील गरीब देशात. हे मिथक किती पोकळ आहे, ते यावरून कळते.

मँचेस्टर विद्यापीठातील इतिहासकार पीटर गॅट्रेल यांनीही निर्वासितांना विसाव्या शतकाच्या इतिहासाच्या केंद्रस्थानी आणले. भारतातील पोलिश निर्वासितांवर अनुराधा भट्टाचार्जी यांचे ‘द सेकंड होमलँड’ हे संशोधनपर पुस्तक २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले.

आज या इतिहासाचा संदर्भ काय?

पोलंडने वळिवड्याची आठवण जपली आहे. वॉर्सामध्ये कोल्हापूरचे स्मारक असून ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी तेथे आदरांजली वाहिली. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर पोलंडने लाखो युक्रेनियन नागरिकांसाठी सीमा उघडली. युरोपीय संघानेही २००१ पासून न वापरलेला तात्पुरत्या संरक्षणाचा नियम प्रथमच लागू केला. त्यामुळे त्यांना निवास, काम आणि शिक्षणाचा हक्क लगेच मिळाला.

त्याच पोलंडने बेलारूस सीमेवरून येणाऱ्या आशिया-आफ्रिकेतील लोकांना रोखण्यासाठी कुंपण उभारले आणि मार्च २०२५ मध्ये त्या सीमेवर आश्रयासाठी अर्ज करण्याचा हक्क स्थगित केला. बेलारूस आणि रशिया माणसांचा शस्त्रासारखा वापर करत आहेत, असे पोलंड सरकारचे म्हणणे. तर छळातून पळालेल्याचा अर्ज ऐकून घेणे ही किमान जबाबदारी आहे, असे हक्क संघटनांचे म्हणणे. युक्रेनियन कुटुंबांना काम आणि शाळा मिळाली, तेव्हा त्यांचा भार हलका झाला. कुंपणापलीकडे अडकलेल्यांची वणवण संपलेली नाही. वळिवड्यात आलेल्या मुलांकडेही मायदेशी परतण्याचा मार्ग नव्हता. कोणीतरी दार उघडले, म्हणून ती जगली.